सगुणावहिनींची हलकी डबी

मिहिर आणि सई,

रविवारी तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोरच भांडत होतात. नव्या डेस्कटॉपमध्ये माहिती साठवायला कोणती एसएसडी घालायची, हा विषय. सईला सगळ्यात वेगवान हवी होती, मिहिरला साधी चालणार होती. मी मध्येच विचारलं, "पाणी आलं तर यातली कोणती पटकन काढता येते?" तुम्ही दोघंही हसलात. मला वाईट वाटलं नाही, पण तो प्रश्न माझा नव्हता. तो सगुणावहिनींचा. त्यांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. त्या तुम्हाला फक्त 'खालच्या फोटोवाल्या आजी' म्हणून माहीत आहेत, तेवढंच राहू नये म्हणून लिहिते आहे.

आपल्या महाडच्या इमारतीत आता जिथे औषधांचं दुकान आहे, तिथे त्यांचा स्टुडिओ होता. माहेर पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत. नवऱ्याने स्टुडिओ काढला आणि सगळं अर्ध्यावर सोडून तो वारला. लोकांना वाटलं, आता ही बाई शटर ओढून माहेरी जाणार. त्यांनी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दुसऱ्याच आठवड्यात एका बारशाला जाऊन उभ्या राहिल्या. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. चालताना रस्त्याच्या मधोमध चालत. बाजूने चाललं की कोणीतरी दुकानातून हाक मारून काहीतरी गळ्यात मारतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. छत्री घेतली तर दुकानदाराला बादलीभर पाणी आणायला लावत. टॉर्च घेतली तर काउंटरखाली अंधारात वाकून लावून बघत. कशेडी घाटात दरड कोसळली, गाड्या बंद, अशी बातमी आली की आम्ही सगळे ती मान्य करून गप्प बसायचो. वहिनी हायवेपर्यंत चालत जाऊन ट्रक खरोखर उभे आहेत का ते बघून यायच्या. "दाखव आधी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डॉक्टरांनाही त्यांनी ते ऐकवलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय. वहिनी म्हणाल्या, "दाखवा आधी. तुमचा पण लावून दाखवा." डॉक्टरांनी स्वतःच्या दंडाला पट्टा लावला, तेव्हा कुठे गोळ्या घेतल्या.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून त्या मला टीचर म्हणत. कोणत्याही खोक्यावर इंग्रजी मजकूर आला की तो घेऊन वर येत. मी वाचून अर्थ सांगितला की खोकं परत घेत, मजकुराची लांबी बोटाने मोजत आणि म्हणत, "एवढं लांब लिवलंय, आन तुम्ही एवढंसंच सांगितलंत." मग मला पुन्हा शब्दन् शब्द सांगावा लागे. कधीकधी मला त्यांचा रागच येई.

गिऱ्हाइकालाही सोडत नसत. पासपोर्ट साइझ काढायला आलेल्याला पहिला प्रश्न, "कशाला पायजे?" एकदा मुंबईहून आलेला एक माणूस गावच्या पूजेचा जुना फोटो घेऊन आला. त्यातला एक म्हातारा वेगळा काढून त्याला कोट आणि टाय घालून मोठा फोटो करून द्या म्हणाला. वहिनींना लगेच वास आला, हा कसले तरी खोटे कागद करणार. मी तेव्हा तिथेच बसले होते.

"कोण हा तुझा?"

"बाप."

"बापाला टाय कशाला? गावात घालायचा काय?"

"नाय हो. आयुष्यभर लंगोटीवर ऱ्हायला. भिंतीवर तरी कोटात असू दे."

"घर कुठलं तुझं? अंगणात काय हाय?"

"फणस. त्याला खाली ढोली हाय."

वहिनींनी फोटो भिंगाखाली धरला. बराच वेळ फणस शोधला, मग ढोली शोधली. सापडल्यावर भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "कोट कुठल्या रंगाचा घालू?"

हा संशय उगाच आलेला नव्हता. पूर्वी त्यांनी एका नवरीचे फोटो सीडीवर घालून नवऱ्याच्या मित्राला दिले होते. काही महिन्यांनी त्या पोरीचा चेहरा एका साडीच्या दुकानाच्या फ्लेक्सवर झळकला. सासरची माणसं स्टुडिओसमोर येऊन ओरडली, पोरीला माहेरी पाठवायची भाषा झाली. तेव्हापासून वहिनींनी नियम केला: फोटो कागदावर मिळेल, कॉपी कोणालाही नाही. कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह लावायची नाही. त्यांच्या मते एक वस्तू दोन ठिकाणी असली तर ती दोन ठिकाणांहून चोरीला जाते. म्हणून सगळे फोटो एकाच जागी, त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये. त्याआधीच्या निगेटिव्ह सावित्री नदीच्या पुरात चिखल होऊन गेल्या होत्या.

आणि त्या फोटोंत एक वाडी होती. पोलादपूरच्या डोंगरातली. एका पावसात वरचा उतार सुटला आणि वाडीवर बसला. जी माणसं शेतावर किंवा मुंबईला होती ती वाचली. त्यांच्याकडे घरच्यांचा फोटो उरला नाही, कारण तो लावलेली भिंतच उरली नव्हती. वहिनींनी त्या वाडीतली लग्नं, पूजा, बारशी काढली होती. तिथली माणसं एकेक करून स्टुडिओत यायची. कोणी महिन्याने आलं, कोणी दोन-तीन वर्षांनी, ज्याला जेव्हा बघवेल तेव्हा. वहिनी त्यांच्याकडून काही घेत नसत आणि त्यांना 'कशाला पायजे' असंही विचारत नसत. म्हणून ती हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली, तेव्हा त्या घाबरल्या. मी त्यांना घाबरलेलं तेव्हाच पाहिलं.

बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरवाल्या विलासकडे आम्ही दोघी गेलो. मी इंग्रजी वाचायला. विलास चाळिशीचा, टक्कल पडलेला, सोशिक माणूस. त्याने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक काळी चपटी डबी, पत्त्यांच्या जोडासारखी पण जाडीला निम्मी. दुसरी नुसती पट्टी, च्युइंगमच्या पट्टीएवढी, उघड्या बोर्डावर काळे चौकोन बसवलेली.

"काकी, दोन्ही एसएसडीच. ही डबी साटा, वायरीने जोडायची. ही पट्टी एनव्हीएमई, सरळ मदरबोर्डवर बसते. तुमच्या बोर्डाला जागा आहे. हिचा वेग डबीच्या कितीतरी पट."

"वेग कशाला रे? मेलेल्या माणसाचा फोटो न्यायला घाईत कोण येतो?"

त्यांनी डबी उचलली, नारळ हलवून बघावा तशी कानाशी हलवली आणि खाली ठेवली. "रिकामी हाय ही."

"रिकामी नाही, काकी. आत फिरणारं काही नसतं, म्हणून हलकी."

"माझी जुनी एवढी जड. हिच्यात माझी सगळी माणसं मावतील? दाखव आधी."

विलासने एक बिघडलेली डबी आणून तिचे स्क्रू काढले. आत एका कोपऱ्यात इवलासा बोर्ड, बाकी सगळी पोकळ. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती डबी मीच बनवली होती.

"डबा मोठा, माल कोपऱ्यात. हे काय?"

"सगळ्या कंपन्या असंच बनवतात."

"सगळे करतात म्हणून ती फसवणूक नाय?"

मग प्रकार निघाले. विलास शिकवण्यात माझ्याहून बरा निघाला. म्हणाला, "आत बारीक बारीक खोल्या असतात. टीएलसीमध्ये एका खोलीत तीन बिऱ्हाडं, क्यूएलसीमध्ये चार. चारवाली स्वस्त पडते, पण लवकर झिजते."

"चार बिऱ्हाडं एका खोलीत, म्हणजे भांडणं. तीनची दाखव."

मी खोक्यावरचा मजकूर वाचत होते. हमीच्या मजकुरात एक ओळ होती: हमी वस्तूची आहे, आत साठवलेल्या माहितीची नाही. मी ती जशीच्या तशी मराठीत सांगितली. या वेळी त्यांनी मजकुराची लांबी मोजली नाही.

"म्हणजे डबी नवी देतील. माणसं नाय देणार."

"माणसं कोण कशी देईल, काकी?" विलास म्हणाला.

मग वहिनींनी तो प्रश्न विचारला. "भोंगा झाला, पाणी चढतंय, लाइट गेली. यातली कुठली हातात येते? डोळे मीट आन काढून दाखव."

महाडच्या बाजारात हे कोणाला समजवावं लागत नाही. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की इथलं प्रत्येक दुकान काय आधी वर न्यायचं ते ठरवून बसलेलं असतं. विलासने निमूटपणे एक उघडा कॅबिनेट समोर ओढला आणि डोळे मिटले. पट्टीचा स्क्रू जवाच्या दाण्याएवढा. तो निघाला, बोटांतून निसटला आणि कॅबिनेटमध्ये कुठेतरी गडप झाला. पट्टी अर्धवट वर उचलली गेली. विलास डोळे मिटूनच म्हणाला, "थांबा, थांबा." मग डबी. दोन वायरी उपटल्या, डबी हातात.

"हीच," वहिनी म्हणाल्या. तेवढ्यावर वेगाचा विषय संपला.

फोटो नव्या डबीत गेल्यावर त्यांनी एकेक फोटो उघडून पाहिला. त्यात कितीतरी दिवस गेले. सगळे आहेत अशी खात्री झाल्यावर जुनी हार्ड डिस्क मागच्या अंगणात नेली आणि वरवंट्याने ठेचली. मी गॅलरीतून बघत होते.

"अहो वहिनी, असू द्यायची होती ती! जुनी का होईना, एक प्रत राहिली असती."

"कोण भंगारवाला उचलून नेईल, आतलं काढील. नको."

"मग अजून एक डबी घ्या, तिच्यात सगळं उतरवा आणि हवं तर माझ्या कपाटात ठेवा. माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, पाणी येत नाही."

वहिनींनी वरवंटा खाली ठेवला. वर बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कशाला पायजे, टीचर?"

मी आत गेले. पुढचे दोन दिवस बोलले नाही.

पाऊस सुरू झाला. पावसाळ्यात लग्नं नसतात, म्हणून वहिनी भावाकडे माहेरच्या वाडीवर जायच्या. त्या वर्षी डबी उपटून बरोबर नेली. ती त्यांनी कशी ठेवली, हे नंतर कळलं. प्लास्टिकच्या दोन पिशव्या, वरून मेणकापड, मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि तो डबा चुलीवरच्या फळीवर. तिथल्या घरांत पावसाळाभर बियाणं, सुकी मासळी, जे जे ओलीपासून जपायचं ते त्या फळीवरच असतं. खाली सकाळ-संध्याकाळ चूल पेटलेली, वर ऊब आणि धूर. त्यांच्या घराण्यात आजवर त्या फळीवरचं काही खराब झालं नव्हतं.

दसऱ्यानंतर त्या परतल्या आणि डबी जोडली. बरेच फोटो उघडले. काही उघडलेच नाहीत. काही अर्धेच उघडले: वर मांडवाचं तोरण, माणसांचे फेटे, कपाळं, आणि खाली नुसता राखाडी पट्टा.

मला हाक आली. मी गेले तेव्हा विलास कपाळाला हात लावून बसला होता.

"वीज न देता इतके महिने ठेवायची नसते, काकी. आणि गरम जागी तर अजिबात नाही. आतला चार्ज उतरत जातो, गरमीत लवकर उतरतो. किंवा ही डबीच मुळात कच्ची असेल. मला छातीठोक सांगता येत नाही."

"मग त्याच फळीवर बियाणं कसं टिकतं?"

"बियाण्याला कोरडं लागतं. हिला थंडही लागतं."

त्यांनी विलासवर संशय घेतला, तू जुना माल दिलास. भावजयीवर घेतला, तिने डबा उघडला असणार. माझ्यावर घेतला का ते माहीत नाही. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. विलासने कसलंसं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, थोडे परत आले, बाकीचे नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात हिरा आली. हिरा त्या वाडीतली. दरड पडली तेव्हा ती पोरीला घेऊन माहेरी गेली होती. नवरा सखाराम घरी होता. आता ती पोलादपूरजवळच्या नव्या घरांत राहत होती. इतक्या वर्षांत फोटो मागायला कधी आली नव्हती.

"वहिनी, पोरीचं लगीन ठरतंय," दारातच म्हणाली. "तिच्या बापाचा फोटो द्या आता. मांडवात ठेवायला."

वहिनींनी फोल्डर उघडलं. मी त्यांच्या मागे उभी होते. सखारामचे डोळे दिसले आणि नाकाखाली राखाडी पट्टा. हिरा टेबलाच्या पलीकडे होती, तिला स्क्रीन दिसत नव्हती. वहिनींनी हात पुढे करून मॉनिटरचं बटण बंद केलं.

"मशीन गरम झालंय गो. चार दिवसांनी ये."

हिरा गेली. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टीचर, तुमचा तो व्हॉट्सॲपचा फोन घेऊन बसा."

तो फोटो एका लग्नातला होता. नवरदेव आणि त्याचं घर दरडीत गेलं होतं, पण धाकटा भाऊ अनंत मुंबईत हॉटेलात स्वयंपाकी होता. वहिनींच्या भावाकडून त्याचा नंबर मिळाला. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"कोण बोलतंय?"

"मी महाडची फोटोवाली. तुझ्या भावाच्या लग्नाचे फोटो मीच काढलेले. तुझ्याकडं मोठा ग्रुप फोटो हाय ना? तो मोबाइलवर काढून पाठव."

"तुम्हीच काढलेत ना? मग तुमच्याकडं असतील. माझ्याकडं कशाला मागताय?"

वहिनींनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "माझ्याकडचे गेले," त्या म्हणाल्या. त्या हे पहिल्यांदाच बोलत होत्या.

"आई, तो एकच फोटो हाय माझ्याकडं. मी कुणाला देत नाय. मागं पण एकजण आलेला, सरकारी मदतीचे कागद करतो म्हणून."

"अरे, हिराच्या नवऱ्यासाठी मागते. पोरीचं लगीन हाय तिच्या."

"हिरावहिनीच्या? मग सांगा, त्यांच्या म्हशीचं नाव काय होतं?"

मी चपापले. आता कसली म्हैस आणि कसलं नाव! पण वहिनी ताडकन म्हणाल्या, "म्हैस? म्हैस कधी होती तिच्याकडं? दोन शेळ्या होत्या, आन त्यातली एक माझी रिळांची पिशवी खात होती!"

पलीकडून लगेच, "थांबा, पेटीतून काढतो."

फोन ठेवल्यावर वहिनींचा चेहरा खुलला होता. "बेरकी हाय पोरगा. असाच पायजे."

फोटो आला. ट्यूबलाइटची चमक पडलेली, एक कोपरा दुमडलेला, आणि सखाराम अगदी कडेला, दुसऱ्याच्या खांद्याआडून डोकावणारा. वहिनींनी आणि विलासने मिळून त्यावर दोन दिवस काम केलं.

हिरा आली तेव्हा वहिनींनी फोटो तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीशी नेला. खूप वेळ बघत राहिली. मला भीती वाटली, ही आता म्हणणार, हे ते नव्हेत.

"हा शर्ट त्यांचा नाय," हिरा म्हणाली. "दिराचा. लग्नापुरता मागून आणलेला. परत देताना बटण तुटलं म्हणून जाव बोललेली मला." आणि पदराने फोटोवरून एकदा हात फिरवला.

ती निघाली तेव्हा वहिनींनी तिला थांबवलं. "हिरा, हा माझ्याकडचा नाय. मुंबईहून मागवला. माझ्याकडं चांगला होता, मोठा, समोरून काढलेला. माझ्या हातून गेला. दोन ठिकाणी ठेवला असता तर ऱ्हायला असता. मी ठेवला नाय."

हिराने त्यांच्याकडे पाहिलं. "वहिनी, आमची घरं गेली. तुम्ही एका फोटोचं काय धरून बसलात?"

ती गेल्यावर वहिनी शटर अर्धं ओढून विलासकडे गेल्या. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत वाडीतल्या उरलेल्या प्रत्येक घराला त्या घराचे जेवढे फोटो उरले होते तेवढे मिळाले, कागदावर आणि मोबाइलवरही. एक डबी माझ्या कपाटात आली. ठेवायच्या आधी वहिनींनी कपाटाच्या पाठीला ओल आहे का ते हात लावून पाहिलं, दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं, आणि किल्ली माझ्याकडेच ठेवून जिना उतरल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हिराच्या पोरीच्या लग्नात, पोलादपूरला, भर मे महिन्यात. त्यानंतरच्या पावसात त्या माहेरीच वारल्या, झोपेत. लग्नात त्यांची तब्येत बरी नव्हती, तरी ग्रुप फोटो मीच काढणार म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर चढल्या. दोन पोरींनी खुर्ची धरली होती. नेहमीप्रमाणे पोरांनी मोबाइल वर केले आणि नेहमीप्रमाणे आता शिव्या बसणार म्हणून लगेच खाली केले.

"खाली कशाला घेता रे?" वहिनी वरून ओरडल्या. "काढा सगळ्यांनी. आन एकमेकांना पाठवा. घरी जाऊन नाय, आत्ताच्या आत्ता पाठवा!"

सगळा मांडव हसला. पंचवीस-तीस हात वर झाले, त्यात माझाही होता. सगळ्यांनी नवरा-नवरी काढली, मी वहिनींना काढलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचेच फोटो काढले, त्यामुळे त्यांचा माझ्याकडे हा एवढाच आहे. चेहरा कॅमेऱ्याने झाकलेला आहे. घट्ट मिटलेला डावा डोळा दिसतो, कपाळावरची आठी दिसते, आणि मोकळा हात हवेत, सगळ्यांना आणखी जवळ सरका म्हणून सांगणारा.